तीन लेक्सिंग्टन आणि एक सुभेदार

मामा अमेरिकेत आले ते दोन अटी घालूनच. गोमांस खाणार नाही आणि मॉलमध्ये हिंडणार नाही. आम्ही राहतो टेक्सासात, ऑस्टिनजवळ राउंड रॉकला. इथे या दोन अटी पाळायच्या म्हणजे पाहुण्याला घरातच बसवून ठेवावं लागतं. टेक्सासचा बार्बेक्यू म्हणजे ब्रिस्केट, आणि ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचं मांस. सॉसेज डुकराचं म्हणावं तर त्यातही बीफ मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. (माझं मी काय खातो ते मी बघून घेतो. मामांसमोर नाही, एवढंच.)

मामा गडहिंग्लजचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नागालँडच्या पोस्टिंगमध्ये चुलीवर टांगून धुरावलेलं डुकराचं मांस त्यांनी खाल्लं होतं, आणि "तसलं परत कुठं मिळालं न्हाई" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. म्हटलं, ठीक आहे, मग पूर्वेकडे जाऊ. टेक्सास सोडून जसजसं पूर्वेला जावं तसतशी गाय मागे पडते आणि डुकराचं राज्य सुरू होतं.

नकाशा बघताना एक गंमत सापडली. डुकराच्या बार्बेक्यूसाठी नाव काढलेल्या तीन गावांचं नाव एकच आहे, लेक्सिंग्टन. एक टेक्सासात, एक टेनेसीत, एक नॉर्थ कॅरोलायनात. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला १७७५ साली अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली, त्याची आठवण म्हणून देशभर हे नाव पडत गेलं. लढाईचं नाव म्हटल्यावर सुभेदारांनी प्रवासाला मंजुरी दिली. अंतर साधारण चौदाशे मैल, म्हणजे सव्वादोन हजार किलोमीटर. बायको मांस खात नाही. तिने आदल्या दिवशी पंचवीस दशम्या आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी करून घेतली. "तुमचं चालू द्या, माझी रसद माझ्याबरोबर," म्हणाली.

शनिवार : लेक्सिंग्टन, टेक्सास

पहाटे साडेचारला निघायचं ठरलं होतं. चारला मामा बूट घालून गाडीजवळ उभे.

इथलं स्नोज बार्बेक्यू आठवड्यातून एकच दिवस उघडतं, शनिवारी सकाळी आठला. माल संपला की बंद. २००३ साली सुरू झालेलं हे दुकान. २००८ मध्ये 'टेक्सास मंथली' मासिकाने राज्यात पहिलं ठरवलं आणि हजार-दीड हजार वस्तीच्या गावात रांगा लागायला लागल्या. आम्ही पावणेसहाला पोचलो तर पुढे चाळीसेक माणसं, घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली. अडीच तास रांगेत काढायचे म्हणून मी आधीच माफी मागून ठेवली होती. मामांना त्याचं काहीच नाही. रांग सरळ आहे, कोणी घुसत नाही, एवढ्यावर माणूस खूश. "लंगरची लाइन अशी पायजे," म्हणाले.

रांग सरकत पिटच्या बाजूने जाते. पिट म्हणजे लोखंडी पेट्या, माणसाच्या कमरेइतक्या उंच, वर झाकण. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलात बसवलेली शेगडी आणि सळईवरचं पनीर डोळ्यासमोर येतं, त्याचा इथे संबंध नाही. इथे लाकूड वेगळ्या जागी जाळून त्याचे निखारे करतात, ते फावड्याने आणून मांसाखाली पसरतात आणि झाकण लावून तासन्तास तसंच ठेवतात. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर होतो आणि तो धूर परत मांसाला लागतो. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी आणि हा धूर.

फावडं चालवत होत्या टुट्सी टोमॅनेट्झ. जन्म १९३५. हे दुकान निघायच्या कितीतरी आधीपासून, १९६६ पासून, पिटवर आहेत. एप्रन, पांढरे केस, पायात रबरी बूट. दोन्ही हातांनी निखाऱ्यांचं फावडं उचललं, पेटीच्या तळाशी सरकवलं आणि मनगटाला हलका झटका देऊन निखारे सारखे पसरले. मग बादलीत बुडवलेल्या मॉपने, म्हणजे आपण फरशी पुसायला वापरतो तसल्याच पण लहान मॉपने, मांसावर पातळ रस शिंपडला. चर्र आवाज, पांढरी वाफ, झाकण बंद. पुढची पेटी. मामा बघत राहिले. आमच्या आजीने, म्हणजे त्यांच्या आईने, ऐंशीव्या वर्षापर्यंत चुलीवर भाकरी थापली होती. तिचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

काउंटरवर आम्ही घेतला पोर्क स्टेक. डुकराच्या खांद्याचा बोटभर जाड काप, ओकच्या निखाऱ्यावर थेट भाजलेला. गाईच्या या राज्यात टुट्सीबाईंचा हा पोर्क स्टेक ब्रिस्केटइतकाच नावाजलेला आहे. कडेची चरबी कुरकुरीत, आत रस. कागदावर वाढतात, ताट नाही. पहिला घास घेऊन मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "नागालँडचं याहून कडक होतं. पर हे बी काय वंगाळ न्हाई." सुभेदारी भाषेत हे शौर्यपदक झालं. लगेच पुढचा प्रश्न : "मटण न्हाई का हितं?"

नाही, मामा. इथे बकरं नाही.

मग यूएस-७९ महामार्ग धरून हर्न, पॅलेस्टाइन, कार्थेज. पूर्व टेक्सासात माळरान संपून उंच पाइनची जंगलं लागतात, रस्ता सुंदर होतो आणि तीच झाडं तीन तास बघून झोप येते. मुक्काम टेक्सारकाना. गावाच्या मधोमध राज्याची सीमा आहे आणि पोस्ट ऑफिस अर्धं टेक्सासात, अर्धं आर्कान्सात. मामांनी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढून घेतला. "सीमाभागातला माणूस हाय मी," म्हणाले. "आमच्याकडं असं उभं राहिलं तर भांडणं हुतील."

रविवार : हॉट स्प्रिंग्ज

दक्षिणेत बार्बेक्यूसाठी निघणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. रविवारी जुनी, चांगली ठिकाणं बहुतेक बंद असतात. चर्चचा दिवस. सोमवारीही पुष्कळांची सुट्टी. म्हणून हे दोन दिवस मी मुद्दाम पोटाला विश्रांती ठेवली होती.

आर्कान्सातलं हॉट स्प्रिंग्ज म्हणजे अमेरिकन वज्रेश्वरी. डोंगरातून ६२ अंश सेल्सिअसचं पाणी येतं. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पडलेला पाऊस जमिनीत खोल मुरून, तापून, आता वर येतोय असं शास्त्रज्ञांनी मोजलंय. सरकारने ही जागा १८३२ सालीच राखीव केली. मुख्य रस्त्यावर जुन्या स्नानगृहांची ओळ आहे. त्यातलं बकस्टाफ १९१२ पासून अखंड चालू. मामांची अपेक्षा कुंडात उतरण्याची होती. उघड्या कुंडात उतरू देत नाहीत, अंघोळ हवी तर पैसे भरून स्नानगृहात. मामा नाराज. "देवाचं पाणी आन् तिकीट?" पण रस्त्याकडेच्या नळाला तेच गरम पाणी फुकट येतं, पिता येतं, लोक कॅन भरून नेतात. ते कळल्यावर त्यांनी गाडीतल्या सगळ्या बाटल्या भरल्या. संध्याकाळी बायकोने त्यातच दशमी बुडवून खाल्ली. खोलीत मायक्रोवेव्ह होता, पण तिला हेच आवडलं.

सोमवार : लिटल रॉक, आणि एक फसगत

लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल. १९५७ साली नऊ काळ्या मुलांना या गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला. राज्यपालांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे सैनिक, उभे केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर सैनिक पाठवले. मी हे सांगत असताना मामा त्या भव्य पायऱ्यांकडे बघत होते. शाळा अजून चालू आहे, मुलं दप्तरं घेऊन येत-जात होती.

"नऊ पोरांना शाळेत पोचवायला आख्खी पलटण?"

"हो."

"चांगल्या कामाला लावली म्हणायची." नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारी हायवेवर एका मोठ्या पाटीला भुललो. पाटीवर हसरं डुक्कर, एप्रन घातलेलं. (आपलंच मांस विकायला हसतमुखाने उभं राहिलेलं हे डुक्कर अमेरिकेत जागोजाग दिसतं. बायकोला त्याचा मनस्वी राग येतो.) आत गेलो तर धुराचा वास नाही, मागे लाकडाचा ढीग नाही. मांस उकडून त्यावर गोड सॉस ओतलेला. वर बायकोच्या 'फक्त बीन्स'मध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे. विचारलं तर वाढणारी पोरगी म्हणाली, चवीपुरतेच आहेत. दक्षिणेतल्या शाकाहारी माणसाने बीन्स आणि पालेभाजी विचारल्याशिवाय तोंडात घालू नये. दोन्ही बहुतेक वेळा मांस घालूनच शिजवतात.

मामांनी त्या दिवशी नियम करून टाकला. आधी इमारतीच्या मागे जाऊन लाकूड बघायचं, मग आत जायचं. पुढचे चार दिवस प्रत्येक ठिकाणी त्यांनी ही रेकी केली.

मंगळवार : मरियाना आणि मेम्फिस

पहाटेच निघालो. लिटल रॉकच्या पूर्वेला जमीन सपाट होत जाते आणि भातखाचरं सुरू होतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त तांदूळ आर्कान्सात पिकतो. ट्रॅक्टर सोडले तर पन्हाळ्याच्या पलीकडचा भाग वाटावा.

मरियाना हे मिसिसिपीच्या खोऱ्यातलं ओसरलेलं गाव. अर्धी दुकानं बंद. तिथल्या जोन्स बार्बेक्यूची सुरुवात साधारण शंभर वर्षांपूर्वीची. जोन्स कुटुंबातले पूर्वज घराच्या मागच्या ओसरीवरून मांस विकायचे, नंतर भिंतीतल्या एका खिडकीतून. या काळ्या कुटुंबाच्या दुकानाला २०१२ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या खाद्यजगतातला मोठा, सन्मान मिळाला, आर्कान्सातला पहिलाच. २०२१ मध्ये आग लागून दुकान जळालं, ते परत उभं राहिलं.

मेनू एका ओळीचा. मांस पौंडावर, नाहीतर सँडविच. सँडविच म्हणजे पांढऱ्या स्लाइस ब्रेडच्या दोन कापांत बारीक केलेलं डुकराच्या खांद्याचं मांस, व्हिनेगरचा पातळ आंबट रस आणि हवं तर वर कोबी. बाकी काही नाही. ब्रेड हातातच विरघळायला लागतो, म्हणून पटापट खावं लागतं. सकाळी आठला डुकराचं सँडविच, मी साशंक होतो. दोन खाल्ली. मामांनी तीन. त्यांची रेकी आधीच झाली होती. "लाकूड हाय. भरपूर हाय." आम्ही निघालो तेव्हा मागून येणाऱ्या दोघांना आता पौंडावर मिळणार नाही, फक्त सँडविच उरलंय असं सांगणं चाललं होतं. वेळ : नऊ.

मेम्फिसला तासाभरात पोचलो. लोरेन मोटेल, जिथे ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांना गोळी घातली, तिथे आता नागरी हक्कांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते मंगळवारी बंद असतं. मी आठवडाभराच्या खाण्याचं वेळापत्रक तासातासाने लावलं होतं, आणि हे तपासलंच नव्हतं. पण अंगणात जाता येतं. ३०६ नंबरच्या खोलीबाहेर, गॅलरीच्या कठड्यावर, पुष्पचक्र असतं. खाली त्या काळातल्या दोन मोटारी उभ्या. किंग इथे आले होते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला, हे मामांना माहीत नव्हतं. "म्युनिसिपालटीच्या झाडूवाल्यांसाठी?" त्यांनी दोनदा विचारलं. मग टोपी काढून उभे राहिले.

रात्री रेंडेव्हू नावाचं रेस्टॉरंट. १९४८ पासूनचं, एका गल्लीतून तळघरात उतरायचं. बरगड्या कोळशावर भाजून वर सुका मसाला शिंपडलेल्या. जाणकार म्हणतात हा खरा बार्बेक्यू नव्हे, हे ग्रिलिंग. म्हणोत. संस्थापक ग्रीक वंशाचे, मसाल्यात त्यामुळे ओरिगॅनोची चव लागते. सुका मसाला जिभेला लागताच मामा पहिल्यांदा म्हणाले, "आता तिखटाजवळ आलो."

बुधवार : लेक्सिंग्टन, टेनेसी

मेम्फिसहून दोन तास. सगळ्या प्रवासातला हा थांबा मला सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

पश्चिम टेनेसीच्या या पट्ट्यात अख्खं डुक्कर भाजण्याची पद्धत टिकून आहे. अर्ली स्कॉट नावाच्या माणसाने लेक्सिंग्टनला हा धंदा नावारूपाला आणला. त्याच्या हाताखाली कोवळ्या वयात आलेला रिकी पार्कर पुढे त्याचा वारस झाला आणि २०१३ मध्ये वारला. पिटजवळच झोपायचा म्हणतात. ते पटण्यासारखं आहे, कारण अख्ख्या डुकराला साधारण एक दिवस आणि एक रात्र लागते. हिकरी नावाच्या झाडाचे ओंडके जाळून निखारे करायचे आणि रात्रभर थोडे थोडे सरकवत राहायचं. सिमेंटच्या ठोकळ्यांचा हौद, त्यावर जाळी, जाळीवर डुक्कर. वर झाकायला काय, तर खोक्याचे पुठ्ठे. आग खाली आणि वर पुठ्ठा! अलिबागकडची पोपटी आठवली. मडक्याचं तोंड भांबुर्ड्याच्या पाल्याने बंद करून ते उलटं जाळात ठेवतात, तोच हा भरवसा. आग हातात असली की झाकण काहीही चालतं.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं ते मला पहिल्यांदा समजलंच नाही. किती हवं हे विचारलं नाही. विचारलं, कुठलं हवं? खांदा, मांडी की 'मिडलिन'? म्हणजे पोटाकडचं, बेकनच्या भागाचं. मागे अख्खं डुक्कर ठेवलेलं असतं आणि सांगाल तिथलं मांस त्यातून ओढून देतात. मी भाषांतर करेपर्यंत मामांना उमगलं होतं. वर्षानुवर्षं रविवारी सकाळी गडहिंग्लजच्या खाटकासमोर उभं राहून 'सीना-चाप दे, मांडी थोडी, चरबी जास्त लावू नको' म्हणणारा माणूस. त्यांनी काउंटरवरून हात पुढे केला, आपल्याच बरगडीखाली बोट फिरवून दाखवलं, मग अंगठा आणि तर्जनी चिमटीत धरून 'एवढीच चरबी' अशी खूण केली. बाईंनी मान डोलावली, वळल्या, आणि नेमकं तिथलं घेऊन आल्या. इंग्रजीचा एक शब्द खर्च झाला नाही.

ते मांस भरपूर चरबीचं, रेशमासारखं मऊ, आणि वर व्हिनेगर-मिरचीचा जाळ. धूर वेगळा लागत नाही, मांसाचीच चव तशी आहे असं वाटतं. मामा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. कागद दुमडला आणि म्हणाले, "हे. हे नागालँडचं."

मग हळूच : "मटण ठेवत न्हाईत न्हवं ही लोकं?"

नॅशव्हिल आम्ही गाडीतूनच बघितलं, मुक्काम पुढे कुकव्हिलला.

गुरुवार

काही खाल्लं नाही, फक्त गाडी चालवली. क्रॉसव्हिलच्या पुढे घड्याळ एक तासाने पुढे गेलं. आय-४० महामार्ग नॉक्सव्हिलनंतर पिजन नदीच्या घळीतून नॉर्थ कॅरोलायनात चढतो. वळणं आंबोली घाटाची, ट्रक मात्र कंटेनरवाले. ॲशव्हिलला मुक्काम. दशम्या संपल्या.

शुक्रवार : लेक्सिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना

इथे १९१९ च्या सुमारास कोर्टाच्या समोर तंबू ठोकून बार्बेक्यू विकायला सुरुवात झाली. तारखेला आलेले पक्षकार आणि वकील हे गिऱ्हाईक. आम्ही गेलो लेक्सिंग्टन बार्बेक्यूमध्ये, १९६२ पासूनचं. लांबूनच विटांची धुराडी दिसली. मामा पाहणी करून आले : "हिकरी हाय. ओक बी हाय."

या राज्याचे बार्बेक्यूवरून दोन तट आहेत. समुद्राकडचे पूर्वेचे लोक अख्खं डुक्कर भाजतात आणि वर फक्त व्हिनेगर-मिरची. लेक्सिंग्टनवाले फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घालतात, त्याला 'डिप' म्हणतात. त्या चमचाभर टोमॅटोवरून दोन्हीकडचे एकमेकांना बार्बेक्यू कळत नाही असं म्हणतात. तांबडा श्रेष्ठ की पांढरा यावर हाणामारीपर्यंत येणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

मी आधीच वाचून ठेवलं होतं, मागताना 'आउटसाइड ब्राउन' म्हणायचं. खांद्याचा बाहेरचा, काळपट, चिवट-कुरकुरीत थर. तो वेगळा मागितला तर मिळतो, न मागता मिळत नाही. ताट आलं तशी बायको वाकून बघत म्हणाली, "म्हणजे खरवड!" अगदी बरोबर. दुधाच्या भांड्याच्या तळाची, घरातल्या लाडक्या पोरासाठी राखून ठेवलेली. तिच्यासाठी मक्याच्या पिठाची गोल भजी, म्हणजे हशपपी, आणि त्याच डिपमध्ये कालवलेला लाल कोबी. कोबीचा घास घेऊन ती म्हणाली, तुमच्या या चरबीवर सोलकढीचं काम करतोय हा. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं.

शेजारच्या टेबलावर सत्तरीचे एक आजोबा होते. कुठून आलात, कुठे जाणार, अशी चौकशी झाली. मी तीन लेक्सिंग्टनची गोष्ट सांगितली तसे हसले आणि म्हणाले, चौथं सोडलंत की. केंटकीतलं. मी म्हटलं, तिथे घोडे, बार्बेक्यू कुठे? तर म्हणाले, लेक्सिंग्टनला नाही, पण त्याच राज्याच्या पश्चिमेला ओवेन्सबरोला जा. तिथे मेंढी भाजतात. शंभर वर्षांहून जास्त झाली, मेंढ्यांचे कळप होते तेव्हापासून.

मामांनी 'मटन' हा शब्द बरोबर टिपला होता.

"काय म्हणालं ते?"

मी सांगितलं. हिकरीवर भाजलेलं मेंढीचं मटण, ओवेन्सबरो, केंटकी.

"आपण गेलो त्या रस्त्यावरनं किती लांब?"

फोनवर बघितलं. नॅशव्हिलपासून उत्तरेला दोन-सव्वादोन तास.

मामांनी खरवडीचा शेवटचा तुकडा उचलला, बोटं पुसली, चष्मा पुसला.

"आन् तू मला सात दिस डुक्कर खायला घालतुयास."

शार्लटला भाड्याची गाडी परत करायची वेळ संध्याकाळी सहाची होती. दुसऱ्या राज्यात सोडल्याचा दंडासारखा आकार आधीच भरलेला. मामा म्हणाले, आणखी दोन दिवस ठेवली तर किती घेतात ते जरा विचार.